अकरा महिन्यांचं घर

डोंबिवलीत, कल्याणात किंवा ठाण्यात भाड्याने राहणारा माणूस स्वतःला भाडेकरू म्हणवतो. शेजारीही तेच म्हणतात, आणि सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत त्याच्या नावापुढे 'टेनंट' असं लिहिलेलं असतं. त्याच्या करारात मात्र हा शब्द शोधूनही सापडत नाही. तिथे तो 'लायसन्सी' असतो, घरमालक 'लायसन्सर' असतो आणि भाडं हे 'लायसन्स फी' असतं. मालकाने आपल्या जागेत काही महिने राहायची परवानगी दिली आहे, जागेवर कसलाही हक्क दिलेला नाही, असं कायदा समजतो. हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं या परवानगीवर संसार करतात, मुलांना शाळेत घालतात, गणपती बसवतात. भाड्याने देण्यासाठी पहिलाच फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाने भाव आणि हप्ता विचारण्याआधी ही गंमत समजून घ्यावी. बाकीचा सगळा व्यवहार तिच्यावर उभा आहे.

मुळात ही भीतीतून जन्मलेली रचना आहे. मुंबई इलाख्यात भाड्यावर पहिला लगाम १९१८ साली आला, पहिल्या महायुद्धातल्या टंचाईमुळे. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. जुन्या ठाण्यात, कल्याणच्या पारनाक्याकडे, डोंबिवली स्टेशनच्या दोन्ही अंगांना अशा चाळी होत्या, जिथे भाडं इतकं किरकोळ राहिलं की मालकाला छपराची कौलं बदलणंही परवडेना. भाडेकरूला घरातून काढणं जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा मालकांनी १८८२ च्या ईझमेंट कायद्यातली जुनी सोय शोधून काढली. या कायद्यात 'लायसन्स' म्हणजे केवळ वापराची परवानगी. भाडेकरूच न ठेवता परवानगीधारक ठेवायचा, म्हणजे भाडे कायदा लागूच होत नाही.

ही पळवाट १९७३ साली सरकारने एका फटक्यात बंद केली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरू ठरवलं. ज्यांनी विश्वासाने ओळखीच्या माणसाला दोन खोल्या वापरायला दिल्या होत्या, त्यांच्या खोल्या कायमच्या अडकल्या. पुढे कित्येक वर्षं या पट्ट्यातले लोक फ्लॅट कुलूप लावून रिकामा ठेवत, पण कोणाला देत नसत. आज साठी-सत्तरीतल्या कुठल्याही घरमालकाला विचारा, 'जागा दिली की गेली' हे वाक्य ऐकायला मिळेल. ते त्या काळातलं आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी असल्याचं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आजच्या गुंतवणूकदाराचं नशीब त्यातल्या दोन कलमांनी बदललं. कलम २४ सांगतं की लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर लायसन्सीला दुप्पट फी भरावी लागेल, आणि मालकाला नेहमीच्या दिवाणी कोर्टाच्या रांगेत न थांबता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येईल. कलम ५५ सांगतं की करार लेखीच हवा, नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून बोचरी तरतूद पुढे आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

मग अकरा महिनेच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली, म्हणजे अकरा या आकड्याचं कामच संपलं. लायसन्स साठ महिन्यांपर्यंतचं करता येतं. तरीही अकराचा आकडा टिकून आहे, कारण मालकाला दरवर्षी भाडं वाढवायला निमित्त मिळतं आणि एजंटला दरवर्षी दलाली. नोटरीच्या शिक्क्यावर भागवणारे लोक अजून भेटतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, एवढं पहिल्या दिवशीच पाठ करावं.

आता पैशाकडे येऊ. इथे बहुतेक नवखे एक साधा हिशेब करायचा विसरतात, कारण तो केला की उत्साह मावळतो.

समजा, कल्याणच्या खडकपाड्यात किंवा ठाकुर्लीत ४५ लाखांचा वन बीएचके घेतला आणि तो १३ हजारांनी दिला. वर्षाचं भाडं १ लाख ५६ हजार, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांहून जरा कमी. त्यातून महिन्याला १,८०० रुपये मेंटेनन्स, वर्षाला समजा सहा हजार मालमत्ता कर, दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना, रंग-प्लंबिंगचे आठेक हजार काढा. हातात राहतात एक लाख सात हजारांच्या आसपास, महिन्याला नऊ हजारांना थोडे कमी. किमतीच्या मानाने अडीच टक्क्यांच्याही आत.

दुसऱ्या बाजूला कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांमध्ये ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के इतकीच रक्कम मिळू शकते. आपल्या उदाहरणात ३६ लाख. साडेआठ टक्के व्याज धरलं तर वीस वर्षांसाठी हप्ता येतो ३१ हजार २४१. पहिल्या महिन्यात त्यातले २५ हजार ५०० निव्वळ व्याजाला जातात. म्हणजे भाडं आल्यावरही महिन्याला बावीस हजार खिशातून घालायचे. 'भाड्यातून हप्ता निघतो' असं घरांच्या प्रदर्शनाच्या मांडवात सांगणाऱ्या मुलाला हा हिशेब कागदावर मांडायला सांगा.

उलट बाजूने मोजलं तर आणखी नवल वाटतं. हातात राहणाऱ्या त्या नऊ हजारांच्या भाड्यातून ज्याचा हप्ता पूर्ण भागेल असं कर्ज किती? याच व्याजाने, याच मुदतीने जेमतेम सव्वादहा लाख. ४५ लाखांचं घर स्वतःच्या बळावर एवढंच कर्ज पेलतं. बाकीचं ओझं तुमच्या पगाराचं. माझं मत असं की पहिलं भाड्याचं घर घेणाऱ्याने निम्म्याहून अधिक कर्ज घेऊ नये. ज्याच्याकडे तेवढी रक्कम नाही, त्याने ४५ लाखांचा वन बीएचके सोडून टिटवाळा-आंबिवलीकडचा किंवा जुन्या इमारतीतला वन आरके पाहावा. कमीपणा वाटायचं कारण नाही. वन आरकेचं भाडं किमतीच्या मानाने बरेचदा मोठ्या घरापेक्षा सरस पडतं.

रोख किती लागेल, इथेही माणूस फसतो. ४५ लाखांत तुमचे नऊ लाख हे दिसतं. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही. या महापालिकांच्या पट्ट्यात शुल्क सात टक्क्यांच्या घरात जातं आणि नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार. म्हणजे आणखी तीन लाख ४५ हजार. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. या उदाहरणात ती ४५ हजारांची. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, साठ चौरस मीटरच्या आतल्या परवडणाऱ्या घरावर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. भाड्यासाठी घ्यायचं तर तयार घरच घ्यावं, यामागचं कारण कराहून साधं आहे. तयार घरात पुढच्या महिन्यात भाडं सुरू होतं. अर्धवट इमारतीत फक्त व्याज सुरू होतं.

आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के सूट मिळते, दुरुस्तीवर तुम्ही एक रुपया खर्च केला नसला तरी. शिवाय कर्जाचं व्याज वजा होतं. वरच्या घराचं पहिल्या वर्षाचं व्याज तीन लाखांच्या पुढे जातं आणि कागदावर दोन लाखांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत नाही. 'घर घे, टॅक्स वाचेल' हा ऑफिसातला सल्ला देणारा कोणत्या प्रणालीत आहे, ते आधी विचारावं.

कर्ज कुठून घ्यावं यात या भागाचं एक वैशिष्ट्य आहे. गिरगाव-दादर सोडून मध्यमवर्ग इकडे सरकत होता, तेव्हा त्याच्याच ठेवींवर इथे नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या. डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. गृहकर्ज हाच धंदा असलेली एचडीएफसी त्यानंतर १९७७ साली आली. स्थानिक बँकेच्या अधिकाऱ्याला कुठल्या गल्लीतली इमारत कुठल्या जमिनीवर आहे हे तोंडपाठ असतं, आणि त्याने कर्जाला नकार दिला तर त्या नकारालाच सल्ला समजावं. व्यापारी बँकांचे तरते दर मात्र १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेले आहेत, त्यामुळे व्याज उतरल्याचा फायदा तिथे लवकर दिसतो. वैयक्तिक गृहकर्ज तरत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर वरचं वीस वर्षांचं कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी फिटतं. दिवाळीचा बोनस त्यात घालावा.

आता घर कुठे घ्यायचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले, आणि तेव्हापासून इथल्या जागेचा भाव प्लॅटफॉर्मपासून मोजला जातो. मुंबईपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. भाडेकरू किलोमीटर मोजत नाही, मिनिटं मोजतो. प्रत्येक एजंटच्या पाटीवर 'स्टेशनपासून १० मिनिटं' लिहिलेलं असतं. कोणाची मिनिटं ते लिहिलेलं नसतं. जुलैतल्या एखाद्या पावसाळी सकाळी सात वाजता छत्री घेऊन इमारतीच्या फाटकापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत स्वतः चालून पाहावं. रिक्षाची रांग, मध्ये साचलेलं पाणी, पुलावरची गर्दी, सगळं त्यात येतं. अठरा मिनिटांच्या आत आलात तर घर रिकामं राहणार नाही. शिळफाटा रस्त्यावरचे टोलेजंग प्रकल्प दिसायला देखणे आहेत, स्विमिंग पूलही आहेत. पण तिथला भाडेकरू बस, रिक्षा आणि वाहतूक कोंडी या तिघांचा हिशेब भाड्यातून वजा करूनच बोलतो. घोडबंदर रोडचं गणित वेगळं आहे. तिथले भाडेकरू बरेचसे लोकलवर अवलंबून नाहीत, त्यांची ऑफिसं तिथेच किंवा वागळे इस्टेटीत जुन्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आहेत.

मेट्रोच्या नावाने जादा पैसे मोजू नयेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ ला झाली. त्या आठवड्यात कल्याणात ज्यांनी 'मेट्रोजवळ' म्हणून चढ्या भावाने घरं घेतली, त्यांच्या भाडेकरूंनी नंतरची कितीतरी वर्षं लोकलच पकडली. भाडेकरू आजच्या सोयीचं भाडं देतो, उद्याच्या सोयीचं देत नाही.

पाण्याची चौकशी सोसायटीच्या चेअरमनकडे करू नये, तळमजल्यावरच्या बायकांकडे करावी. किती वाजता येतं, किती वेळ येतं, मे महिन्यात टँकर किती. टँकरचा खर्च मेंटेनन्समधून मालकाच्याच अंगावर येतो.

आणि कागद. या विषयाला इथे फार काळी बाजू आहे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बांधकाम संपलेलं नव्हतं, तरी खालच्या मजल्यांवर लोक राहायला आलेले होते. त्यानंतर दहा वर्षांतच डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण उघडकीला आलं. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्या आधारे महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाची नोंदणी मिळवली होती. नोंदणी क्रमांक खरा, वेबसाइटवर दिसणारा, आणि त्याखालची परवानगी खोटी. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचा आदेश दिला. अनेक रहिवाशांनी बँकांकडून कर्ज काढून ही घरं घेतली होती. घर पाडायच्या यादीत आलं म्हणून बँक हप्ता माफ करत नाही.

म्हणून नुसत्या महारेरा क्रमांकावर थांबू नये. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा, ज्याला सगळे सीसी म्हणतात, क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जावं आणि तो दाखला त्यांच्या दप्तरी आहे का ते विचारावं. पुढे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. मग खरेदीच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आणि सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतीच्या २७ गावांतल्या इमारतींबाबत तर एक दिवस जास्त घालवावा. ती गावं महापालिकेत आली, बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, आणि परवानगी कोणाची हा प्रश्न या ये-जा करण्यात अनेकदा धूसर झाला. वकिलाच्या शोध अहवालाला जे काही हजार पडतात, ते या सगळ्या खर्चातले सर्वांत स्वस्त.

करार नोंदवणं मात्र आता नवलाईचं सोपं झालं आहे. माझ्या आत्याच्या कोपरजवळच्या वन आरकेचा करार तिच्या जेवणाच्या टेबलावर झाला. एजंट लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. भाडेकरूचा अंगठा लगेच उमटला, दोन साक्षीदारांचेही उमटले, आत्याचा काही केल्या येईना. चाळीस वर्षं भांडी घासून आणि पिठं मळून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. एजंटने ओल्या फडक्याने बोट पुसलं, मग दुसरं बोट घेतलं, मग डावा हात. सातव्या वेळेला यंत्र हिरवं झालं. चहा होऊन गेला होता. अकरा महिन्यांच्या भाड्याच्या आणि डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. आपल्या तेरा हजारांच्या घराला पन्नास हजार डिपॉझिट धरलं तर शुल्क चारशेच्या आसपास. चौदाशे रुपये वाचवायला कलम ५५ शी खेळणारे लोक आहेत, हे मला अजून उलगडलेलं नाही.

डिपॉझिटवर असं व्याज धरण्यामागेही इथली एक पद्धत आहे, हेवी डिपॉझिट. भाडेकरू एकरकमी चार-पाच लाख देतो आणि महिन्याला भाडं नगण्य किंवा शून्य. जाताना सगळी रक्कम परत. दक्षिण कोरियात हीच पद्धत जॉनसे नावाने देशभर चालते, तिथे घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम अशी ठेवली जाते. अलीकडच्या वर्षांत तिथल्या कित्येक मालकांना ती परत करता आली नाही आणि भाडेकरू उघड्यावर आले. नवख्या मालकाने हेवी डिपॉझिटला हात लावू नये. ते उत्पन्न वाटतं, पण आहे ते बिनव्याजी कर्ज, आणि भाडेकरूने नोटीस दिली की ते एका महिन्यात उभं करावं लागतं.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत कल्याण-डोंबिवलीही येते. सोसायटीला कळवावं. ती मनाला येईल तशी रक्कम मागू लागली, तर १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश दाखवावा. मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क बाराशे असेल तर एकशे वीस रुपये. एकट्या मुलीला किंवा नोकरीसाठी आलेल्या चार मुलांना घर देऊ नका म्हणणाऱ्या कमिट्या प्रत्येक गल्लीत आहेत. ही मुलं बहुधा भाडं वेळेवर देतात.

शेवटी एक काम. करार ज्या दिवशी संपतो ती तारीख कालनिर्णयच्या त्या महिन्याच्या पानावर पेनाने गोल करून ठेवा, आणि दीड महिना आधीच्या पानावरही एक गोल करा. मुदत उलटून गेल्यावर जुन्याच भाडेकरूकडून नव्या कराराशिवाय भाडं घेत राहणं ही नवख्या मालकाची सर्वांत सामान्य चूक आहे.